हात धुण्यापासून दहापर्यंत : बालवाडीत नव्याने रुजू झालेल्या ताईंसाठी

अंगणवाडीत किंवा बालवाडीत नव्याने आलेल्या ताईला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी ऐकाव्या लागतात. वरून सूचना येते, मुलांना आरोग्याच्या सवयी लावा. आणि मुलाला सोडायला आलेली आई दारातच विचारते, "ताई, आमचा शंभरपर्यंत आकडे कधी म्हणायला लागेल?" मग ताई वेळापत्रक बनवते. अर्धा तास अंक, अर्धा तास स्वच्छता. फळ्यावर एक ते दहा, भिंतीवर हात धुण्याचा तक्ता. मुलं दोन्हीकडे जांभया देतात.

माझं सांगणं असं आहे की या दोन गोष्टी वेगळ्या शिकवायच्याच नाहीत. हात धुणं, ताटल्या मांडणं, खाऊ वाटणं, खेळणी जागेवर ठेवणं ही कामं तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसात असतातच. आधी-नंतर, कमी-जास्त, एकाला एक, जोडी, अर्धं हा गणिताचा पायाही याच कामांत असतो. काम मुलांच्या हाती दिलं की सवय लागते आणि गणितही होतं. तेच काम ताईने किंवा मदतनीसताईने भराभर उरकून टाकलं की दोन्ही हुकतं.

कुठून सुरुवात करायची, ते क्रमाने सांगते.

आधी खोली लावा

मुलं येण्याच्या आदल्या दिवशी एकदा गुडघ्यांवर बसून खोलीभर फिरा. मुलाच्या डोळ्यांना काय दिसतं आणि त्याचा हात कुठवर पोचतो, ते तेव्हाच कळतं. साबण, रुमाल, पाण्याचा पेला, चपला ठेवण्याची जागा, सगळं त्या उंचीवर हवं. दर वेळी "ताई, काढून दे" म्हणावं लागलं तर मुलाला स्वतः करायची सवय लागायची कशी?

प्रत्येकाचा रुमाल वेगळा आणि खुंटीही वेगळी. सगळ्यांना मिळून एकच टॉवेल ठेवला की डोळे येण्याची आणि खरजेची साथ खोलीभर फिरते. खुंटीवर नाव लिहून उपयोग नाही, चित्र चिकटवा. कुणाला मासा, कुणाला छत्री, कुणाला वांगं, कुणाला बैल. तेच चित्र त्याच्या पेल्यावर आणि हजेरीच्या दगडावर. आपलं चित्र शोधायचं, त्याच्याशी आपली वस्तू जुळवायची, हे जुळवणं गणिताची पहिली पायरी आहे.

दारात खडूने किंवा रंगाने पावलांच्या जोड्या काढा, पटावर जितकी मुलं तितक्या. प्रत्येकाने आपल्या चपला एका जोडीवर ठेवायच्या. दहा-बारा दिवसांत एखादं मूल आपणहून सांगतं, "ताई, तीन जागा रिकाम्या आहेत." कोण आलं नाही याची चर्चा तिथूनच सुरू होते.

नळ नसेल तर अडून बसू नका. पाच लिटरचा खाद्यतेलाचा कॅन स्वच्छ धुवून घ्या, वरच्या बाजूला खिळ्याने भोक पाडा आणि तो आडव्या काठीवर लटकवा. कॅनच्या तोंडाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीलगतच्या काठीला बांधा. काठीवर पाय दिला की कॅन कलतो आणि पाण्याची बारीक धार येते. हात कशालाच लागत नाहीत आणि पाणीही थोडंच लागतं. शेजारी साबणाची वडी जाळीच्या पिशवीत टांगा, म्हणजे ती मातीत पडत नाही. फवारणीच्या औषधाचा कॅन मात्र कितीही धुतला तरी वापरायचा नाही.

हजेरी मुलांनीच लावायची

चित्र असलेला दगड "घर" लिहिलेल्या टोपलीतून उचलायचा आणि "शाळा" लिहिलेल्या टोपलीत ठेवायचा. गोल बसल्यावर शाळेच्या टोपलीतले दगड एका ओळीत मांडा, घराच्या टोपलीतले त्यांच्या खालच्या ओळीत, एकाखाली एक. कुठली ओळ लांब? किती दगडांना खाली जोडीदार नाही? मुलांना वजाबाकी हा शब्द अजून कित्येक वर्षं ऐकायचा नाही, पण फरक त्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

पाच मिनिटांत आटपा. हजेरी लांबली की लहानगे उठून जातात, आणि त्यांचं बरोबर असतं.

हात धुणं : इथे घाई नको

दिवसातून निदान तीन वेळा हात धुतले गेले पाहिजेत : खाण्याआधी, शौचाहून आल्यावर आणि मातीत खेळून आल्यावर. शिंकल्यावर, नाक पुसल्यावर वेगळे. साबण लावून किमान वीस सेकंद चोळायचं. तीन वर्षांच्या मुलाला वीस मोजता येत नाहीत, म्हणून मोठ्याने आणि सावकाश तुम्ही मोजा. दहा अंक तळहात चोळताना, दहा अंक मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखं चोळताना. रोज ऐकून अंकांचा क्रम कानात बसतो. काही दिवसांनी तुम्ही सातवर थांबून पाहा. पुढचा आठ मुलं म्हणतात.

साबण कशाला लागतो, हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. त्यासाठी हळदीचा खेळ घ्या. चमचाभर खोबरेल तेलात चिमूटभर हळद कालवा आणि प्रत्येकाच्या तळव्यावर एकच थेंब चोळा. आता नुसत्या पाण्याने हात धुवायला सांगा. पाणी ओघळून जातं, पिवळा तसाच राहतो. मुलं हात जोरजोरात घासतात, फ्रॉकला पुसू पाहतात, तरी जात नाही. मग साबण द्या. आंघोळीच्या किंवा कपड्यांच्या साबणाची वडी घासली की पिवळा रंग क्षणात लालसर तपकिरी होतो, कारण साबणाच्या क्षाराने हळदीचा रंग पालटतो. इथे हमखास आरडाओरडा होतो, होऊ द्या. फेस धुऊन टाकल्यावर हात पुन्हा पाहायचे. पिवळा कुठे उरला? बहुतेकांच्या नखांच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यांत. "तिथे तुझा हात फिरलाच नाही" हे तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही, ते त्याला दिसत असतं. मग विचारा, किती बोटांवर पिवळं राहिलं? एकेका बोटाला स्पर्श करत मोजू दे. त्या दिवशी मोजण्याला कारण असतं.

पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचं बोट बुडवायचं, असाही एक खेळ पुष्कळ ठिकाणी दाखवतात. मिरपूड कडेला पळते, मुलं टाळ्या वाजवतात. मला तो या कामासाठी पटत नाही. साबण लागला की जंतू आपोआप पळाले, असा समज त्यातून होतो. हात स्वच्छ होतात ते चोळण्याने आणि वाहत्या पाण्याने, आणि हळदीच्या खेळात नेमकं तेच कळतं.

दुसऱ्या दिवशी चार चित्रं द्या : हात ओले करणं, साबण लावणं, धुणं, पुसणं. विस्कटून ठेवा आणि मुलांना ओळीत लावू द्या. कुणी पुसणं आधी ठेवलं तर दुरुस्त करू नका. त्याच क्रमाने करून बघायला सांगा. कोरड्या रुमालाला फेस लागला की ते स्वतःच चित्र हलवतं.

नखं आठवड्यातून एकदा बघायची, पण सगळ्यांसमोर कुणाचाही हात वर धरून नाही. नखं वाढलेली दिसली तर बाजूला घेऊन तुम्हीच कापा आणि आईला शांतपणे सांगा. जंतनाशक गोळीचे दिवस देशभर ठरलेले आहेत, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. त्याच्या आदल्या आठवड्यात नखं, माती आणि पोटातले जंत यांची गोष्ट मुलांना सांगा, म्हणजे गोळी चावून खाताना कुरकुर कमी होते.

खाऊची वेळ हाच मुख्य तास

अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पूरक आहारातून रोज किती ऊर्जा आणि किती प्रथिनं मिळावीत, याचा निकष ठरलेला आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून आहार आणि बालशिक्षण ही दोन्ही कामं एकाच छताखाली आहेत. तरी बहुतेक ठिकाणी आहार म्हणजे वाढलं, खाल्लं, संपलं. त्या अर्ध्या तासात किती शिकता येतं ते बघा.

रोज दोन वाढपी नेमा, एक मोठं मूल आणि एक लहान. त्यांना सांगा, "सगळ्यांना एकेक ताटली द्या." मोजून देऊ नका. मूल पहिल्यांदा हाताला लागतील तितक्या ताटल्या आणतं, वाटतं आणि दोन मुलं तशीच राहतात. ते परत जातं, पाच आणतं, तीन उरतात. या फेऱ्या होऊ द्या. काही दिवसांनी ते आधी मुलांकडे बघतं, बोटं मोजतं आणि मगच मांडणीकडे जातं. ज्या दिवशी ते दारात उभं राहून बोट दाखवत ओठ हलवतं, त्या दिवशी त्याला संख्येचा उपयोग कळलेला असतो. मदतनीसताईंना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर त्या प्रेमापोटी पटकन ताटल्या वाटून मोकळ्या होतील.

भाकरी किंवा पोळी असेल तर तोडण्याचं काम मुलांसमोर करा. अख्खी, अर्धी, चतकोर हे शब्द आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. "तुला अर्धी हवी की चतकोर?" असं विचारा. चार चतकोर पुन्हा जुळवून अख्खी भाकरी करून दाखवा. उसळ वाढायला छोटी पळी ठेवा आणि "किती पळ्या?" ते मुलालाच ठरवू द्या. एक घे, संपली की परत घे. आपल्या पोटाला किती लागतं हे ओळखणं ही आरोग्याची फार मोठी सवय आहे, आणि "ताटातलं सगळं संपवच" या हट्टाने ती मोडते.

नवी भाजी मूल पहिल्या दिवशी खात नाही. शेवगा, दुधी, पालक असं काही आठ-दहा वेळा समोर आल्यावर मग कुठे जीभ तयार होते. जबरदस्ती नको, आणि "भाजी खाल्लीस तर बिस्कीट" असली लाचही नको, त्याने भाजी वाईट आणि बिस्कीट चांगलं एवढंच ठरतं. त्याऐवजी भाजी खेळात आणा. परसबाग असेल तर मुलांना भेंड्या तोडायला न्या. मटाराच्या किंवा पावट्याच्या शेंगा सोलायला द्या, कुणाच्या शेंगेत किती दाणे निघाले ते मांडून बघा. पाच दाण्यांची शेंग जास्त जणांना मिळाली की सहा दाण्यांची? दाणे पाटावर शेंगेगणिक ओळीत मांडले की आलेख तयार होतो. ज्या मुलाने दाणे सोलले, ते उसळीत आपले दाणे शोधून खातं.

एक काळजी घ्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं, बोराच्या बिया लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. दाण्याचं कूट करा, द्राक्षं उभी चिरा, आणि खाताना पळापळ नको.

ताटल्या रिकाम्या झाल्या की विचारा, आता किती उरलं? "काहीच नाही" याला शून्य म्हणतात, हे रिकाम्या पातेल्यापाशी जितकं चांगलं कळतं तितकं फळ्यावर कळत नाही.

दात

दुधाचे दात वीस, दहा वर आणि दहा खाली. आरशात बघून मोजायला मुलांना फार आवडतं, आणि सहाव्या वर्षाच्या आसपास कुणाचा पडला की सगळी बालवाडी तो बघायला जमते. ब्रश घरी होतो, म्हणून इथे सराव खेळण्यावर. पुठ्ठ्यावर मोठा जबडा काढून पांढरी झाकणं दात म्हणून चिकटवा, मधे चिखल भरा आणि जुन्या ब्रशने काढायला द्या. पालकांना दोनच गोष्टी सांगा : टूथपेस्ट वाटाण्याएवढीच, आणि रात्री झोपण्याआधीचा ब्रश चुकवायचा नाही.

मोजणं म्हणजे नेमकं काय

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

शंभरपर्यंत आकडे म्हणणारं मूल आणि मोजता येणारं मूल, ही एकच गोष्ट नाही. समोर मूठभर चिंचोके ठेवा आणि म्हणा, "मला चार दे." शंभर म्हणून दाखवणारी कितीतरी मुलं मूठ भरून देतात. रॉशेल गेल्मन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची तत्त्वं मांडली, ती ताईने मनात ठेवावीत. एका वस्तूला एकच अंक, कुठलीही वस्तू सुटायची नाही की दोनदा धरायची नाही. अंकांचा क्रम दर वेळी तोच. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्या वस्तूंची संख्या. शिवाय चमचे मोजा, उड्या मोजा की टाळ्या मोजा, रीत तीच. आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच.

यातलं तिसरं सगळ्यात अवघड. मूल "एक, दोन, तीन, चार" असं बरोबर मोजतं. तुम्ही विचारता, "मग किती आहेत?" आणि ते पुन्हा एकपासून सुरू करतं. त्याला अजून चार म्हणजे "सगळे मिळून चार" हे उमगलेलं नाही. रागावू नका, सोपंही करून देऊ नका. तीन वस्तूंवर या, मग दोनवर. "मला दोन आणून दे" हे न चुकता जमलं की तीन.

दुसरी गंमत मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवली. बिल्ल्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा, मग एक ओळ लांब पसरा. चार-पाच वर्षांचं मूल ठामपणे सांगतं की पसरलेल्या ओळीत जास्त आहेत. हे समजावून बदलत नाही. वयाबरोबर आणि पुष्कळ हाताळणीतून बदलतं. म्हणून मुलाच्या चुकीच्या उत्तरावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

मोजण्याच्याही आधी वर्गीकरण, जुळवणं, क्रम लावणं आणि आकृतिबंध (म्हणजे तीच मांडणी पुन्हा पुन्हा करणं) ही चार कामं भरपूर हवीत. पानं, बिया, झाकणं, बटणं, काड्या पुढ्यात ओता आणि मुलाला गट करू दे. कशावरून केले ते विचारा. रंगावरून, आकारावरून, किंवा "ही आजीकडची, ती इथली". कारण सांगता आलं म्हणजे वर्गीकरण झालं.

अंक लिहिण्याची घाई अजिबात नको. पाचाच्या आत वस्तू पक्क्या झाल्यावर त्या अंकाची खूण दाखवा, रांगोळीत किंवा ओल्या वाळूत बोटाने गिरवू द्या. चार वर्षांच्या बोटांना पेन्सिल नीट धरता येत नाही. त्यांना कणीक मळणं, फुलं ओवणं, चिमटीने दाणे उचलणं द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, दोन्ही खेळातून शिकण्यावरच भर देतात. वह्या भरून घेण्याचा आग्रह कुणी केला तर याचा आधार तुम्हाला आहे.

घरच्या घरी मिळणारं साहित्य

पैसा नाही म्हणून साहित्य नाही, हे आपल्याकडे तरी म्हणता येत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या आणि पुढे त्यांनीच ते सांभाळलं. महागडी परदेशी साधनं गावात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी परिसरातल्या बिया, पानं, शिंपले, माती यांचीच शैक्षणिक साधनं केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा विचारही त्यांचाच.

दोन साधनं मी प्रत्येक नव्या ताईला करायला सांगते.

पहिलं, अर्धे केलेले चिंचोके. चिंचोका मधून फोडला की एक बाजू पांढरी, दुसरी काळपट. आपल्या जुन्या बैठ्या खेळांत फासे म्हणून हेच वापरत. पाच अर्धुकं मुठीत खुळखुळवून टाकायची. तीन पांढरे, दोन काळे. पुन्हा टाका, चार पांढरे, एक काळा. पाच म्हणजे तीन नि दोनसुद्धा आणि चार नि एकसुद्धा, हे पन्नास वेळा टाकून मुलाच्या बोटांत बसतं. दोन किंवा तीन असतील तर मोठी मुलं न मोजता, एका नजरेत सांगतात. ही नजर तयार होणं फार मोलाचं आहे. तीन वर्षांच्या आतलं भावंड खोलीत असेल तर चिंचोके डब्यात बंद. ते नाकात आणि तोंडात घातले जातात.

दुसरं, तीस अंड्यांचा प्लास्टिकचा ट्रे. त्यात पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळींचे तुकडे कापले की दहा खळग्यांच्या तीन चौकटी मिळतात. साबणाच्या पाण्याने खरवडून धुवा आणि उन्हात वाळवा. पुठ्ठ्याचा ट्रे घेऊ नका, कारण त्याला अंड्यांची घाण लागलेली असते आणि तो धुता येत नाही. खळग्यात बिल्ले ठेवत गेलं की सात म्हणजे एक भरलेली ओळ आणि वर दोन, हे दिसतं. दहाला किती कमी, तेही रिकाम्या खळग्यांवरून दिसतं. पहिलीत गेल्यावर दशक समजायला हेच चित्र कामी येतं.

बाकीचं अंगणात करा. झेंडू-शेवंती-झेंडू-शेवंती अशी माळ ओवणं म्हणजे आकृतिबंध. लंगडी, उड्या, दोरीवरून चालणं म्हणजे व्यायामही आणि मोजणंही. ओटा किती विती लांब आहे, ते मुलाच्या वितीने मोजा आणि मग तुमच्या वितीने मोजा. उत्तर वेगळं का आलं, यावर मुलं जे बोलतात ते ऐकत बसावंसं वाटतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. त्याला दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास झोप हवी, आणि पडद्यासमोर दिवसात एका तासाहून जास्त वेळ नको.

उंची-वजन करताना

दर महिन्याचं वजन ही नोंद आहे, स्पर्धा नाही. "कोण सगळ्यात जाड, कोण सगळ्यात बारीक" असले खेळ कधीही घेऊ नका. मुलाची तुलना त्याच्याशीच करा. जूनमध्ये त्याच्या उंचीएवढी सुतळी कापून त्याच्या चित्राशेजारी टांगा. दिवाळीनंतर पुन्हा नवी सुतळी कापा. दोन्ही शेजारी धरल्या की आपण किती वाढलो ते मुलाला बोटांत मोजता येतं. सुतळी वाढली नसेल किंवा वजन दोन महिने जागच्या जागी असेल, तर ते मुलासमोर बोलू नका. पर्यवेक्षिकेला आणि आरोग्यसेविकेला लगेच कळवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. जे मूल हाक मारल्यावर वळत नाही, ताटली फार जवळ धरून बघतं किंवा सतत अडखळून पडतं, त्याचं नाव पथक येण्याआधी लिहून ठेवा.

घराशी बोलणं

शंभर आकड्यांचा आग्रह धरणाऱ्या आईला भाषण देऊ नका. तिला एक दिवस अकराच्या सुमारास बोलवा आणि तिच्या मुलाला सगळ्यांसाठी पेले मांडताना बघू द्या. मग घरी करण्याजोगं एकच काम सांगा : "जेवायला बसताना किती वाट्या लागतील ते त्याला आणायला सांगा." आजी-आजोबांना हे लवकर पटतं.

मुलाच्या घरची बोली वारली, कातकरी, कोरकू किंवा गोंडी असेल तर पहिले अंक त्याच्या बोलीत मोजू द्या. गावातल्या एखाद्या आजीकडून ते शिकून घ्या. मराठी अंक त्यावर सहज चढतात.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात फक्त चपला, रुमाल, हजेरी आणि हात धुणं. रडणारी मुलं असणारच, बाकी काही मनात आणू नका. दुसऱ्या आठवड्यात वाढपी नेमा आणि हळदीचा खेळ घ्या. तिसऱ्यात वर्गीकरणाचं साहित्य बाहेर काढा आणि खेळून झाल्यावर ते ज्याच्या त्याच्या डब्यात परत ठेवायचं, हा नियम त्याच दिवसापासून लावा. चौथ्यात चिंचोके, आधी फक्त तीन अर्धुकं, मग पाच. पावसाळ्यात अंगण गेलं की उड्यांचे खेळ आत घ्या आणि दारात पाय धुण्याची बादली वाढवा.

रोज तीन मुलं निवडून प्रत्येकाविषयी एक ओळ लिहा. "दोन मागितल्या, दोन दिल्या." "साबण आपणहून घेतला." "पालक चाटून बघितला." मूल पहिलीत जाईल तेव्हा याच ओळींतून त्याचं एक पान तयार करा : किती वस्तू मागितल्यावर बरोबर देतं, कशात रमतं, काय खातं, कुठे मदत लागते. ते पान जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन शाळेतल्या बाईंच्या हातात द्या.